मोटारगाडीतील विद्युत् दोषनिदान

मोटारगाडीच्या उपकरण-फलकावर, म्हणजे डॅशबोर्डवर, उमटणाऱ्या इशाऱ्यावरून संचायक घटमाला, जनित्र, तारा व जोडण्या यांपैकी नेमके काय बिघडले आहे हे शोधून काढण्याच्या पद्धतीस विद्युत् दोषनिदान म्हणतात. फलकावरील इशारा व प्रत्यक्ष दोष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घटमालेच्या आकृतीचा तांबडा दिवा लागला की घटमालाच निकामी झाली, असा समज सर्वत्र आढळतो. तो बहुधा चुकीचा असतो. हा दिवा घटमालेची प्रकृती मोजत नाही. भारणाची क्रिया यथास्थित चाललेली नाही, एवढेच तो सांगतो. या समजामुळे चांगल्या घटमाला मोडीत निघतात आणि खरा दोष गाडीत तसाच राहतो. इशाऱ्यांची साधने गेल्या शतकात कशी बदलत गेली, हे पाहिल्यास त्यांच्या मर्यादा स्पष्ट होतात.

प्रस्तुत नोंदीत उदाहरणे मुख्यतः मुंबई–पुणे मार्गावरील, विशेषतः बोरघाट व त्याच्या माथ्यावरील खंडाळा, लोणावळा, मळवली व भाजे या मावळातील परिसराची घेतली आहेत. भारतीय मोटार उद्योगाचे एके काळचे महत्त्वाचे केंद्र कुर्ला आणि दुसरे महत्त्वाचे केंद्र पिंपरी–चिंचवड या मार्गाच्या दोन टोकांस आहेत. शिवाय उभी चढण, पावसाळ्यातील धुके व चार हजार मिमी.हून अधिक वार्षिक पाऊस यांमुळे गाडीच्या विद्युत् यंत्रणेची येथे कठोर परीक्षा होते.

प्रारंभीचा काळ : बोरघाटातून गाडीरस्ता १८३० मध्ये सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत खुला झाला. मोटारगाडी त्यावर धावू लागली, तेव्हा तिच्यातील विजेचे काम अगदी थोडे होते. एंजिनातील इंधन पेटविण्यासाठी लागणारी ठिणगी मॅग्नेटो या स्वयंपूर्ण साधनातून मिळत असे. जर्मनीतील रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गोटलोप होनोल्ट यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. त्यात कायम चुंबक असल्याने घटमालेची गरज नसे. एंजिन हाताने दांडा फिरवून सुरू करीत व दिवे पुष्कळदा तेलाचे वा ॲसिटिलीन वायूचे असत. अशा गाडीस विद्युत् इशाऱ्याची आवश्यकताच नव्हती.

शिसे–अम्ल संचायक घट मात्र याआधीच अस्तित्वात आला होता. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी तो १८५९ मध्ये तयार केला व कामीय फोर यांनी १८८१ मध्ये पट्ट्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देऊन त्याची धारणाशक्ती वाढविली. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विद्युत् आरंभक १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसविण्यात आला. आपल्याकडील कारागीर यालाच ‘सेल्फ’ म्हणतात. या एका सोयीमुळे मोठी घटमाला, ती पुन्हा भारणारे जनित्र व दोहोंवर लक्ष ठेवणारे साधन या तिन्ही गोष्टी गाडीत कायमच्या आल्या. विद्युत् दोषनिदानाचा इतिहास खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो.

डायनामो व प्रवाहमापक : सुरुवातीच्या जनित्रास डायनामो म्हणत. त्यातून एकदिश प्रवाह मिळे. परंतु एंजिन मंद गतीने फिरत असताना त्याचा दाब घटमालेच्या दाबाहून कमी राही. अशा वेळी घटमालेतील प्रवाह उलटा डायनामोत शिरू नये म्हणून ‘कटआऊट’ नावाचे स्वयंचलित स्पर्शक बसवीत. चालकासमोर प्रवाहमापक म्हणजे ॲमीटर असे. त्याचा काटा मध्यभागाच्या एका बाजूस झुकला की घटमाला भारली जात आहे व दुसऱ्या बाजूस झुकला की ती रिकामी होत आहे, हे कळे. हे साधन बोलके होते. ते प्रवाहाची दिशा व परिमाण दोन्ही दाखवी, आणि जाणता चालक काट्याच्या हालचालीवरून सैल जोडणी वा घसरता पट्टा ओळखी.

डायनामोची उणीव घाटात विशेष जाणवे. पावसाळ्यातील रात्री वाहनांची रांग थांबली की एंजिन मंद चाले. दिवे व काचपुसणी मात्र चालूच राहत. मग सर्व भार घटमालेवर पडे. प्रवेगक दाबला की दिवे उजळत व सोडला की मंदावत. हा दोष नसून डायनामोचा स्वभाव होता आणि जुन्या चालकांना तो ठाऊक होता. घटमाला अशक्त असल्यास गाडी उतारावर तोंड करून उभी करण्याची व सकाळी ती घरंगळत सोडून सुरू करण्याची रीतही त्या काळी सर्रास होती. डायनामोच्या लोखंडात थोडे चुंबकत्व शिल्लक राहत असल्यामुळे एंजिन फिरू लागताच तो वीज निर्माण करू शके.

भारतात या साधनांची निर्मिती स्वातंत्र्याच्या सुमारास व त्यानंतर वाढली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ला येथे मोटारगाड्यांची जुळणी सुरू केली. तेथील फियाट गाडी पुढे १९७४ पासून ‘पद्मिनी’ या नावाने प्रसिद्ध झाली. मद्रास येथे लुकास–टीव्हीएस ही विद्युत् सामग्री बनविणारी कंपनी १९६१ मध्ये निघाली. संचायक घटमालांचा श्यामनगर (पश्चिम बंगाल) येथील कारखाना १९४६ मधील असून त्याच कंपनीचा, म्हणजे आजच्या एक्साइडचा, दुसरा कारखाना १९६९ मध्ये चिंचवड येथे निघाला. वाहनांच्या चाचणी व संशोधनासाठी पुणे येथे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली होती. याच काळात शहरांत व महामार्गांलगत हायड्रोमीटर, चाचणी दिवा व तारांची भेंडोळी एवढ्या साहित्यावर काम करणारा ‘बॅटरीवाला’ किंवा ‘ऑटो इलेक्ट्रिशियन’ हा स्वतंत्र कारागीर वर्ग उदयास आला.

तांबडा दिवा : प्रवाहमापकातून गाडीचा बहुतेक सर्व प्रवाह जात असल्याने जाड तारा फलकापर्यंत आणाव्या लागत व प्रवाह वाढेल तसा त्या तापण्याचा धोकाही वाढे. त्यापेक्षा एक लहान दिवा स्वस्त व सुटसुटीत होता. त्याची रचना साधी आहे. दिव्याचे एक टोक चावीच्या स्विचमार्फत घटमालेस व दुसरे जनित्रास जोडतात. एंजिन बंद असताना जनित्राच्या टोकास दाब नसतो. त्यामुळे चावी फिरविताच घटमालेचा प्रवाह दिव्यातून वाहतो व दिवा लागतो. एंजिन सुरू होऊन जनित्राचा दाब घटमालेच्या दाबाइतका झाला की दोन्ही टोके समान दाबावर येतात व दिवा विझतो. म्हणजे हा दिवा एक प्रकारचा तराजू आहे. दोन दाबांतील फरक तो दाखवितो. फरक कोणत्या बाजूच्या दोषामुळे पडला, हे तो सांगू शकत नाही.

सिलिकॉन डायोड उपलब्ध झाल्यावर प्रत्यावर्ती जनित्र म्हणजे अल्टरनेटर गाडीत बसविणे शक्य झाले. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९६० मध्ये व्हॅलियंट गाडीत तो प्रथम सरसकट वापरला. एंजिन मंद असतानाही तो उपयुक्त प्रवाह देतो. भारतातील अँबॅसडर व फियाट गाड्यांत डायनामो त्यानंतरही बराच काळ टिकून राहिला; १९८३ च्या अखेरीस आलेल्या मारुती ८०० मध्ये अल्टरनेटर होता.

या बदलाचे दोन परिणाम कारागिरांना नव्याने शिकावे लागले. पहिला असा की, अल्टरनेटरच्या फिरत्या भागास प्रारंभिक चुंबकत्व येण्यासाठी बाहेरून थोडा प्रवाह द्यावा लागतो व अनेक रचनांमध्ये तो इशारादर्शक दिव्यातूनच जातो. अशा गाडीत दिवाच जळाला, तर इशारा मिळत नाही व भारणही नीट सुरू होत नाही. म्हणून चावी फिरविल्यावर एंजिन सुरू होण्यापूर्वी तांबडा दिवा लागतो की नाही, ही पहिली तपासणी ठरते. दुसरा परिणाम महागात पडणारा होता. डायनामोच्या काळात चालू एंजिनावर घटमालेची तार सोडवून पाहण्याची रीत होती. एंजिन चालू राहिले तर डायनामो ठीक, असा ठोकताळा असे. अल्टरनेटर असलेल्या गाडीत असे केल्यास दाब क्षणार्धात अनेक पटींनी उसळतो व डायोड तसेच इलेक्ट्रॉनीय नियंत्रक जळू शकतात. एका यंत्राबाबत बरे चालून गेलेले ज्ञान दुसऱ्याबाबत घातक ठरल्याचे हे उदाहरण आहे.

घाटातील पट्टा : एंजिनाच्या पुढील बाजूस असलेला पट्टा जनित्र फिरवितो. अनेक गाड्यांत तोच पट्टा शीतक पाण्याचा पंपही चालवितो. चढणीवर हा पट्टा तुटला तर प्रथम तांबडा दिवा लागतो. तापमापकाचा काटा त्यानंतर चढू लागतो. ‘बॅटरीचे पुढे पाहू’ असे म्हणून चालकाने गाडी तशीच रेटली, तर काही मिनिटांत एंजिन अतितप्त होऊन त्याचे शीर्ष वाकण्याची भीती असते. येथे घटमालेचे चित्र असलेला दिवा खरे तर एंजिनाच्या जिवाची सूचना देत असतो.

पट्टा शाबूत असून केवळ जनित्र बंद पडले, तर किती अंतर जाता येईल याचा हिशोब साधा आहे. ५५ वॅटचे दोन शिरोदीप सु. ९ अँपिअर प्रवाह घेतात. काचपुसणी, पंखा, इंधनपंप व प्रज्वलन धरून पावसाळी रात्रीचा एकूण भार २५ अँपिअरच्या आसपास जातो. ३५ अँपिअर-तास क्षमतेची पूर्ण भारलेली नवी घटमालाही कागदावर दीड तासाच्या आत रिकामी होते. प्रत्यक्षात दाब त्याआधीच इतका उतरतो की यंत्रणा बंद पडू लागते. लोणावळ्याहून रात्री मुंबई गाठण्याच्या बेताने निघालेल्या चालकास एवढा अवधी पुरेलच असे नाही. २००२ मध्ये पूर्णपणे खुल्या झालेल्या द्रुतगती मार्गावर, बोगद्यात किंवा वळणावर दिवे गेलेली गाडी उभी राहणे सर्वांनाच धोक्याचे असते. म्हणून दिवा लागताच सुरक्षित जागी थांबून प्रथम पट्टा व तापमापक पाहावा, हा नियम आजही लागू आहे.

सांकेतिक क्रमांकांचे युग : धुरातील प्रदूषक कमी करण्यासाठी इंधनाचे इलेक्ट्रॉनीय नियंत्रण आले व त्याबरोबर गाडीने स्वतःचे दोष स्वतःच नोंदवावेत ही कल्पना आली. कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या नमुन्यांपासून अशी व्यवस्था आवश्यक केली. १९९६ पासून अमेरिकेतील मोटारगाड्यांत १६ टोकांची समान जोडणी व समान दोषक्रमांक आले. निरनिराळ्या नियंत्रकांना दोन तारांवरून परस्परांशी संदेशांची देवाणघेवाण करू देणारी ‘कॅन’ ही पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केली. भारतात भारत स्टेज–४ मानके १ एप्रिल २०१० पासून पुणे व सोलापूरसह १३ शहरांत लागू झाली व त्यांच्याबरोबर गाडीतील स्वयंनिदान व्यवस्था बंधनकारक होत गेली. भारत स्टेज–६ मानके १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाली.

त्यामुळे फलकावर आता दिव्याऐवजी शब्द येतात आणि निदानयंत्र जोडले की क्रमांक मिळतो. उदा., ‘पी ०५६२’ म्हणजे यंत्रणेचा दाब कमी व ‘पी ०५६३’ म्हणजे दाब जास्त. ‘यू’ या अक्षराने सुरू होणारे क्रमांक नियंत्रकांमधील संदेशवहन तुटल्याचे दर्शवितात. परंतु ‘दाब कमी’ याचा अर्थ नियंत्रकाच्या टोकाशी दाब कमी भरला, एवढाच. त्याचे कारण जुनी घटमाला, सैल पट्टा, झिजलेले जनित्र, गंजलेली अर्थ-तार किंवा खुद्द नियंत्रकाच्या जोडणीत शिरलेले पाणी, यांपैकी काहीही असू शकते. तांबड्या दिव्याची मर्यादा येथेही कायम आहे. फक्त इशारा अधिक अधिकारवाणीने बोलू लागला आहे.

दाब उतरला की सुकाणूचे विद्युत् साहाय्य, गतिरोधकांचे नियंत्रण, सुरक्षा-पिशव्या इ. अनेक यंत्रणांचे इशारे एकदम उजळतात. चार यंत्रणा एकाच क्षणी बिघडण्याचा संभव फार थोडा असतो. अशा वेळी सर्वांना समान असलेला दुवा, म्हणजे घटमालेची टोके, मुख्य वितळतार व अर्थ-जोडणी, आधी तपासणे योग्य होय.

निदानाचा क्रम : क्रमांक आधी वाचून टिपून ठेवावेत, कारण घटमाला सोडविल्यास ते पुसले जाऊ शकतात. नंतर घटमालेच्या टोकांवरील पांढरी-हिरवी भुकटी व सैल पकड पाहावी. काही तास विसावलेल्या १२ व्होल्टच्या घटमालेचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असल्यास ती भारलेली, १२.२ असल्यास सु. निम्मी व १२ च्या खाली असल्यास जवळजवळ रिकामी समजतात. प्रत्येक घटाचा दाब अम्लाच्या विशिष्ट गुरुत्वात ०.८४ मिळविल्यास साधारणपणे मिळतो. हायड्रोमीटर व व्होल्टमापक या दोन पिढ्यांच्या साधनांची सांगड या सूत्राने घालता येते. सहांपैकी एकाच घटाचे गुरुत्व इतरांहून बरेच कमी भरल्यास मात्र दोष घटमालेचाच असतो.

आरंभक फिरताना दाब सु. ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. एंजिन चालू झाल्यावर तो बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ व्होल्ट असावा. तो वाढत नसल्यास पट्टा, जनित्र व त्याच्या तारा तपासाव्यात; १५ व्होल्टच्या वर राहिल्यास नियामक सदोष असतो. अतिभारणाने घटमालेतील पाणी आटते. साधा तांबडा दिवा मात्र याची सूचना देत नाही. अलीकडील काही गाड्यांत इंधनबचतीसाठी हा दाब मुद्दाम कमीजास्त केला जातो. तेथे उत्पादकाचे आकडेच प्रमाण मानावेत.

घटमालेच्या ऋण टोकापासून एंजिनाच्या धातूपर्यंतचा दाबक्षय आरंभक फिरताना मोजावा. तो ०.२ व्होल्टहून बराच अधिक असल्यास अर्थ-तार दोषी होय. दमट हवेत हा दोष नित्याचा आहे. वरून धडधाकट दिसणारी तार आत गंजून हिरवी झालेली असते. भाजे येथे लेणी व पावसाळी धबधबा पाहण्यास येणाऱ्यांच्या गाड्या भर पावसात तासन्‌तास उभ्या असतात. अशा वेळी संगीत व दिवे चालू ठेवल्याने रिकामी झालेली घटमाला आणि ओल्या जोडणीमुळे न मिळणारा प्रवाह, या दोन्हींचे बाह्य लक्षण एकच असते : ‘सेल्फ’ नुसता टिकटिकतो. पहिल्यात घटमालेच्या टोकांवरच दाब कमी भरतो. दुसऱ्यात तेथे तो पुरेसा असतो, पण आरंभकापर्यंत पोचत नाही. दोन ठिकाणचे दोन आकडे टिपले की वाद मिटतो.

उभ्या गाडीतील गळतीही मोजावी लागते. गाडी बंद केल्यावर नियंत्रक निद्रिस्त होण्यास अर्धा तास किंवा अधिक वेळ लागतो. त्यानंतर प्रवाह साधारणपणे ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. एवढ्यानेही दिवसास १.२ व महिन्यास ३६ अँपिअर-तास खर्च होतात; महिनाभर न हलविलेली गाडी सुरू झाली नाही, तर त्यात दोष असेलच असे नाही. सामानकक्षातील ५ वॅटचा दिवा चालू राहिल्यास मात्र दोन-तीन दिवसांत हीच अवस्था येते.

दुसऱ्या गाडीवरून वीज घेताना आधी दोन्ही धन टोके जोडून शेवटची ऋण जोडणी घटमालेपासून दूर, एंजिनाच्या उघड्या धातूस करतात. कारण भारणाच्या वेळी घटमालेतून ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो. पूर्णपणे रिकाम्या घटमालेची आधुनिक गाडी ढकलून वा उतारावर सोडून सुरू होत नाही. इंधनपंप, नियंत्रक व अल्टरनेटर या सर्वांनाच आधी वीज हवी असते.

सद्यःस्थिती : विजेवर चालणाऱ्या मोटारगाड्यांतही हा प्रश्न संपलेला नाही. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार होणारी व जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेली टाटा नेक्सॉन ईव्ही हे त्याचे उदाहरण होय. अशा गाडीत शेकडो व्होल्टच्या मोठ्या संचाबरोबर १२ व्होल्टची लहान घटमालाही असते. नियंत्रक व मोठ्या संचाचा स्पर्शक तिच्यावर चालतात. ती उतरल्यास मोठा संच भरलेला असूनही गाडी जागची हलत नाही. नारिंगी आवरणाच्या उच्च दाबाच्या तारांना मात्र प्रशिक्षित कारागिराखेरीज कोणीही हात लावू नये.

अकारण बदललेली प्रत्येक शिसे–अम्ल घटमाला म्हणजे कित्येक किग्रॅ. विषारी शिशाची भर होय. जुन्या घटमाला परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याबाबत भारत सरकारने २००१ मध्ये व पुढे अधिक व्यापक स्वरूपात २०२२ मध्ये नियम केले आहेत. तथापि घटमाला मोडीत काढण्याचा निर्णय प्रथम रस्त्याकडेच्या दुकानातच होतो. मॅग्नेटोच्या काळी वीज नसली तरी गाडी चालत असे. आज विजेवाचून तिचे दारही कित्येकदा उघडत नाही. गाडीचे विजेवरील अवलंबन असे वाढले आणि काट्याची जागा दिव्याने व दिव्याची जागा वाक्याने घेतली. परंतु इशारा कोणत्याही रूपात आला, तरी त्याची शहानिशा अद्यापि मोजमापानेच करावी लागते. साधा व्होल्टमापक व तो लावण्याचा क्रम ज्यास ठाऊक आहे, त्या कारागिराचे महत्त्व म्हणूनच कमी झालेले नाही.